घरातल्या यंत्रांचे सुटे भाग : ‘बसतो’ म्हणून घेऊ नका!

स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर किंवा आठवड्याच्या बाजारात एक माणूस हमखास बसलेला असतो. त्याच्यापुढे ताडपत्रीवर कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, सेफ्टी व्हॉल्व्ह, मिक्सरचे कपलर, गॅसच्या नळ्या, टीव्हीचे रिमोट असा सगळा पसारा मांडलेला असतो. “कुठल्या कंपनीचा आहे?” असे विचारले की त्याचे उत्तर ठरलेले असते, “ताई, सगळ्याला बसतो.” कामावरून परतणारी आपली भगिनी घाईत असते. घरी जाऊन डाळ लावायची असते, मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो. ती पैसे मोजते, वस्तू पिशवीत टाकते आणि चालू लागते.

त्या विक्रेत्याला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. तोही पोटासाठीच बसलेला असतो आणि त्याच्याकडच्या काही वस्तू खरोखर चांगल्या असतात. प्रश्न आपला आहे. कोणती वस्तू त्याच्याकडून बिनधास्त घ्यावी आणि कोणती मुळीच घेऊ नये, हे आपल्याला ठरवता येते काय? कारण ‘बसणे’ वेगळे आणि ‘काम करणे’ वेगळे. एखादा भाग यंत्रात चपखल बसतो, पण ज्या कामासाठी तो तिथे ठेवला आहे ते काम करीतच नाही. बसला म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि नेमका तिथेच घात होतो.

भागांचे तीन खाते

जमाखर्च लिहिताना आपण खाती वेगळी करतो, तशीच सुट्या भागांचीही तीन खाती करावीत.

पहिले खाते जीव वाचवणाऱ्या भागांचे. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, शिट्टी, रिंग, गॅसची नळी, रेग्युलेटर आणि चार्ज होणाऱ्या यंत्रांची बॅटरी हे सारे या खात्यात येतात. हे भाग चुकले तर माणूस भाजतो किंवा घर पेटते.

दुसरे खाते यंत्र वाचवणाऱ्या भागांचे. मिक्सरचा कपलर, कार्बन, फिल्टर हे या खात्यातले. हे चुकले तर जीवाला धोका सहसा नसतो, पण पन्नास-शंभर रुपये वाचवताना हजारांची मोटर जळते.

तिसरे खाते नुसत्या झिजणाऱ्या भागांचे. मिक्सरच्या भांड्याचे झाकण, बुडाखालचे रबरी पाय, पुसण्याचे फडके, साधा ब्रश. हे भाग बाजारात स्वस्त मिळाले तर जरूर घ्यावेत. तिथे कंपनीच्या नावासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे : हा भाग कोणत्या खात्यातला? आणि त्याचा चांगलेपणा मला डोळ्यांनी पाहून कळणार आहे का? पहिल्या खात्यातला भाग असेल आणि पाहून काही कळत नसेल, तर तिथे घासाघीस थांबवावी.

कुकर : सहा पोत्यांचा जोर

उघड्या पातेल्यात पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ लवकर शिजते आणि गॅस वाचतो. शिट्टी होते त्या वेळी घरगुती कुकरमध्ये हा जास्तीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण २० सेंटिमीटर व्यासाचे झाकण धरले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे त्या झाकणावर आतून तीनशे किलोंहून अधिक जोर पडतो. तांदळाची पन्नास किलोंची सहा पोती एकावर एक रचावीत, एवढा हा जोर! आपण रोज त्याच्याजवळ उभे राहून पोळ्या लाटतो.

हा जोर ताब्यात ठेवणारे भाग कोणते, ते एकेक पाहू.

शिट्टी. शिट्टी म्हणजे केवळ आवाज करणारी टोपी नव्हे. तिचे वजन ठरवून केलेले असते. आतला दाब ठराविक मर्यादेला पोचला की वाफ तिला उचलते आणि बाहेर पडते. दुसऱ्या कंपनीची जड शिट्टी लावली तर ती उशिरा उचलली जाते, तोवर आतला दाब वाढत राहतो. हलकी लावली तर वाफ वाया जाते आणि डाळ कच्ची राहते. शिट्टी हरवली की शेजारणीची आणून लावणे ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे. कुकर एकाच कंपनीचा आणि एकाच प्रकारचा असेल तरच ते चालेल. शिट्टी ज्या नळीवर बसते ती नळी रोज उजेडाकडे धरून पाहावी. पलीकडचा उजेड दिसला नाही तर त्यात डाळीचे साल किंवा फेस अडकला आहे. सुईने किंवा बारीक तारेने ती मोकळी करावी. यासाठी पैसाही लागत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टीची नळी तुंबली किंवा कुकरमधले पाणी आटले, तर शेवटचा राखणदार हाच. त्याच्या मध्यभागी कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली की तो वितळतो, भोक मोकळे होते आणि वाफ निघून जाते. कुकर फुटण्याऐवजी व्हॉल्व्ह उडतो. म्हणजे व्हॉल्व्ह ‘गेला’ तेव्हा तो बिघडला असे समजू नये, त्याने आपले काम केले असे समजावे.

आता हा धातू किती अंशांना वितळेल, हे फूटपाथवर बसून कोण सांगणार? खरा आणि खोटा व्हॉल्व्ह दिसायला सारखेच. खोटा व्हॉल्व्ह रोज छान बसलेला दिसेल, गळणार नाही, आणि ज्या दिवशी वितळायला हवा त्या दिवशी वितळणार नाही. म्हणून व्हॉल्व्ह नेहमी त्याच कंपनीचा, बंद पाकिटातला आणि पावतीसह घ्यावा. व्हॉल्व्हच्या जागी स्क्रू बसवणे, लांबी किंवा एम-सील भरणे, साबणाचा तुकडा दाबणे हे प्रकार काही घरांत चालतात. हे म्हणजे राखणदाराचे हातपाय बांधून दाराशी उभे करणे होय. व्हॉल्व्ह उडाल्यावर नुसता नवा बसवूनही भागत नाही. पाणी कमी पडले होते की नळी तुंबली होती, ते आधी शोधावे. नाही तर नवाही उडेल.

रिंग म्हणजे गॅस्केट. सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीचा घेतला जाणारा भाग हाच. “पाच लिटरची रिंग द्या” एवढे सांगून भागत नाही. पाच लिटरच्या दोन कुकरांना दोन वेगळ्या रिंगा लागू शकतात. काही कुकरांचे झाकण आत घालून वळवून बसवायचे असते, काहींचे बाहेरून. काही कुकर उभट असतात, काही पसरट. प्रत्येकाचा घेर आणि रिंगेची जाडी निराळी असते. कुकरच्या बुडावर किंवा दांड्यावर कंपनीचे नाव, लिटर आणि बहुधा मॉडेल दिलेले असते. ते कागदावर उतरवून न्यावे. जुनी रिंग नमुना म्हणून नेतो, त्यातही एक गोम आहे. वापरून वापरून ती सैल झालेली असते, त्यामुळे योग्य मापाची नवी रिंग तिच्याशेजारी लहान दिसते आणि आपण मोठी घेऊन येतो. सगळ्यांत उत्तम म्हणजे कुकरचे झाकणच पिशवीत घालून दुकानात न्यावे. त्यात लाज कसली?

अनेक कुकरांच्या झाकणाच्या कडेला एक फट ठेवलेली असते. दाब फार वाढला तर रिंग त्या फटीतून बाहेर ढकलली जाते आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे रिंग वाफ अडवते आणि वेळ पडली तर वाट करूनही देते. जाड, कडक, भलत्याच मापाची रिंग हे दुसरे काम करू शकत नाही.

रिंग बदलण्याची वेळ झाली हे कसे ओळखावे? कडेने वाफ किंवा पाणी येऊ लागते. शिट्टी व्हायला फार वेळ लागतो. बोटाने वाकवून पाहिली तर रबरावर बारीक चिरा दिसतात, किंवा ते कडक लागते. रोज वापर असेल तर साधारण वर्षभराने रिंग बदलावी. ती फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करणे, तिच्यावर दोरा गुंडाळणे, झाकणाला कणकेचा लेप देणे या युक्त्यांनी एक दिवस निभावून जातो, पण रबर काही तरुण होत नाही. उलट रिंग वापरानंतर काढून धुतली, पुसून सावलीत ठेवली आणि खिळ्याला ताणून टांगली नाही, तर ती जास्त दिवस टिकते.

दांडा आणि त्याचे स्क्रू. हा भाग पुष्कळ लोक तिसऱ्या खात्यात टाकतात. पण दांडा जागेवर आला की झाकण पूर्ण बंद झाले, अशी रचना अनेक कुकरांत असते. दांडा हलत असेल तर झाकण अर्धवट बसू शकते, किंवा गरम कुकर उचलताना हातातून सुटू शकतो. स्क्रू ढिले झाले तर लगेच आवळावेत. दांड्याला तडा गेला असेल तर तो बदलावा, तारेने बांधून चालवू नये.

कोणताही नवा भाग बसवल्यावर पहिल्याच दिवशी डाळ लावू नये. आधी कुकरमध्ये नुसते पाणी घालून एक शिट्टी काढून पाहावी. कडेने वाफ येत नाही ना, शिट्टी नीट उचलली जाते ना, हे थोडे दूर उभे राहून पाहावे. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नये. डाळ, तांदूळ, कडधान्य असे फुगणारे आणि फेसाळणारे पदार्थ असतील तर निम्म्यावरच थांबावे. कारण नळी तुंबवणारा फेस तिथूनच येतो.

आयएसआय शिक्का पाहावा

घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे आणि रबरी गॅस्केटसाठी आयएस ७४६६ हे वेगळे मानक आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय घरगुती कुकर विकता येत नाही. हा नियम मोठ्या दुकानांनीही पाळला नाही, असे नंतर दिसून आले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांवर शिक्का नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल प्रत्येकी १ लाख रुपये दंडाचे आदेश काढले. त्यातल्या एकीच्या बाबतीत विकल्या गेलेल्या अशा कुकरांची संख्या २,२६५ होती. ते परत घेऊन ग्राहकांचे पैसे द्यावेत, असे त्या आदेशात म्हटले होते. तेव्हा वस्तू चकचकीत खोक्यातून घरपोच आली म्हणून ती खरी, असे मानण्याचे कारण नाही.

शिक्काही खोटा छापता येतो. खऱ्या शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. घरात मुलाकडे मोबाइल असेल तर ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकून परवाना कोणाचा आहे ते पाहता येते. दहावी-बारावीच्या मुलामुलींना हे काम जरूर सांगावे. त्यांना ते चटकन जमते आणि घरच्या व्यवहारात त्यांचाही हात लागतो.

गॅसची नळी

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यात निवडीला फार वावच नाही. रबरी नळी आत तारेची जाळी असलेली, आयएसआय शिक्क्याची, ‘सुरक्षा’ प्रकारचीच घ्यावी आणि शक्यतो आपल्या गॅस एजन्सीकडूनच घ्यावी. तिच्यावर छापलेली तारीख पाहावी. पाच वर्षांनी ती वरून कितीही चांगली दिसली तरी बदलावी. बाजारातली साधी हिरवी किंवा निळी पाण्याची नळी गॅसला लावू नये. तीही ‘बसते’च, पण उष्णतेने मऊ पडते आणि उंदीर ती सहज कुरतडतो. नवी नळी लावल्यावर दोन्ही टोकांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे, काडी पेटवून कधीही पाहू नये. गॅस गळत असल्यास तक्रारीचा क्रमांक १९०६ आहे. तो शेगडीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

मिक्सर : जो भाग आधी तुटतो तोच मोटर वाचवतो

मिक्सरचे भांडे ज्या दातेरी चकतीवर बसते तो कपलर. एक चकती मोटरवर असते, दुसरी भांड्याच्या बुडाखाली. कपलर झिजला की मोटर फिरते, पण पाते फिरत नाही आणि खर्रर्र असा आवाज येतो. पुष्कळांना वाटते की, हा भाग मुद्दाम तकलादू केला आहे. एका अर्थी ते खरेच आहे. पाते कशात अडकले तर जोर मोटरवर जाऊ नये, आधी कपलर तुटावा, अशीच ती योजना असते. म्हणून “हा लोखंडी घ्या, जन्मभर तुटणार नाही” असे कोणी म्हटले तर भुलू नये. मुळात नायलॉनचा किंवा रबरी कपलर असेल तर तसाच घ्यावा. घेताना दात मोजावेत, मधले भोक गोल आहे की चौकोनी ते पाहावे आणि जुना कपलर सोबत न्यावा. इथे नमुना नेणे उपयोगी पडते, कारण दात झिजले तरी त्यांची संख्या बदलत नाही. भांड्याखालचा कपलर काढताना एक लक्षात ठेवावे, तो बहुधा उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर तो आणखी घट्ट होतो.

पात्याखालचा बुश झिजला की भांड्याच्या बुडातून काळसर पाणी गळू लागते. त्याकडे दुर्लक्ष करू नये. जे खाली गळते तेच काळे वंगण चटणीतही मिसळते. अशा वेळी नुसते पाते बदलून उपयोग नाही. बुश, रबरी वॉशर आणि पाते यांची जुळणी एकत्र पाहून घ्यावी.

मोटरमधून जास्त ठिणग्या दिसल्या किंवा ती मध्येच थांबू लागली, तर कार्बन झिजले असण्याचा संभव असतो. कार्बन नेहमी जोडीने बदलावेत आणि मूळ मापाचेच घ्यावेत. मोठा कार्बन कानशीने घासून बसवणारे काही मिस्त्री असतात. तो वाकडा बसला किंवा फार कडक असला, तर मोटरच्या तांब्याच्या पट्ट्या खातो आणि मग मोटरच बदलावी लागते. दुरुस्तीला देण्यापूर्वी मिक्सरच्या बुडाखालचे लहान लाल बटण मात्र जरूर दाबून पाहावे. जास्त भार पडला की ते आपोआप बाहेर येते आणि वीज तोडते. थोडा वेळ यंत्र थंड होऊ देऊन ते आत दाबले की पुष्कळदा मिक्सर चालू होतो आणि दुरुस्तीचा खर्च वाचतो.

कामाच्या घरातले फिरते झाडूयंत्र

आपल्या अनेक भगिनी मोठ्या इमारतींमध्ये घरकामाला जातात. तिथे आता जमिनीवर आपोआप फिरून केर ओढणारे, तव्याएवढे गोल यंत्र दिसू लागले आहे. अशी यंत्रे जगाच्या बाजारात २००१-०२ च्या सुमारास आली. यंत्र मालकीणबाईंचे असले तरी ते साफ करण्याचे, त्याचे भाग काढून घालण्याचे काम पुष्कळदा आपल्या भगिनीकडेच येते आणि बिघडले तर बोलही तिलाच लागतो. म्हणून त्याची माहिती आपल्याला हवी.

या यंत्राचे बाजूचे लहान ब्रश, मधला गोल मोठा ब्रश, हवा गाळणारा फिल्टर आणि पुसण्याचे फडके हे भाग वारंवार बदलावे लागतात. बॅटरी काही वर्षांनी जाते. यंत्र उलटे करून पाहिले तर खाली मॉडेल क्रमांकाची चिठ्ठी असते. एकाच कंपनीची दोन यंत्रे दिसायला सारखी असली तरी त्यांचे ब्रश आणि बॅटरीचे जोड वेगळे असू शकतात. म्हणून मागवताना नाव नव्हे, क्रमांक सांगावा. बाजूचे ब्रश दोन असतील तर डावा-उजवा असा फरक असतो का, तेही पाहावे.

ब्रश ‘गेला’ असे वाटते तेव्हा पुष्कळदा त्याच्या टोकांना केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. ते कात्रीने कापून काढले की ब्रश पुन्हा फिरतो, नवा घ्यावा लागत नाही. हे तिसऱ्या खात्यातले काम झाले. फिल्टर मात्र दुसऱ्या खात्यातला. काही फिल्टर धुता येतात, काही मुळीच नाही. धुण्याजोगा नसलेला फिल्टर पाण्याखाली धरला की त्याची बारीक छिद्रे बुजतात. धुण्याजोगा असला तरी ओला बसवला तर आतल्या मोटरला अपाय होतो. तो सावलीत पूर्ण दिवसभर वाळवावा लागतो. म्हणून बाईंनी “फिल्टर धुऊन टाक” असे सांगितले तर आधी विचारावे, “ताई, हा पाण्याने धुवायचा आहे ना? पुस्तिकेत बघून सांगता का?” एवढे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. ती आपल्या पगाराची राखण आहे.

बॅटरी पहिल्या खात्यातली. ती लिथियमची असते. निनावी, स्वस्त बॅटरी तापून पेट घेऊ शकते. फुगलेली बॅटरी दिसली तर यंत्र चार्जिंगवरून काढावे आणि घरातल्यांना लगेच सांगावे. ती केराच्या डब्यात टाकू नये, टोचू नये, उन्हात ठेवू नये.

आणखी एक प्रसंग येतो. “आमच्याकडे नवीन घेतले, हे जुने तू घेऊन जा,” असे म्हणून यंत्र फुकट किंवा थोड्या पैशांत मिळते. मिक्सर, पाण्याचा फिल्टर, झाडूयंत्र, काहीही असो, नेण्यापूर्वी त्याचे भाग अजून मिळतात का आणि केवढ्याला मिळतात, हे चौकशी करून पाहावे. बॅटरीच्या किमतीत सहा वर्षांचे झाडू येत असतील तर ते दान नव्हे, तो खर्च आहे. “नको ताई” म्हणण्यात कमीपणा नाही.

स्वस्ताचा हिशोब

किंमत वस्तूची पाहू नये, महिन्याची पाहावी. समजा, एक रिंग ४० रुपयांची आहे आणि तीन महिन्यांत सैल होते. दुसरी १२० रुपयांची आहे आणि वर्षभर टिकते. पहिलीचा वर्षाचा खर्च १६० रुपये, दुसरीचा १२०. वर गॅस वाया गेला तो वेगळाच. हाच हिशोब फडक्याला लावला तर उलट उत्तर येईल. स्वस्त फडके आणि महाग फडके जवळजवळ सारखेच टिकतात, तिथे स्वस्तच घ्यावे. कंपनीचा भाग नेहमीच उत्तम असतो आणि त्याची किंमत नेहमीच रास्त असते, असेही नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देऊन त्या ग्राहकाची अडवणूक करतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. मात्र वॉरंटीची मुदत चालू असेल तर बाहेरचा भाग बसवण्यापूर्वी कार्डावरच्या अटी वाचाव्यात. बाहेरचा भाग बसवला की बहुतेक कंपन्या हात वर करतात.

पावती हा आपला हक्क आहे

पाकीटबंद वस्तूवर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, करासहित कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. कमाल किमतीहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही. सुट्या, कोऱ्या पिशवीतल्या भागावर यांतले काहीच नसते. मग तो चुकला तर दाद कोणाकडे मागणार?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्यानुसार विकलेल्या मालाची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तसेच सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे हीही अनुचित प्रथाच ठरते. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी वाचून आपण मुकाट्याने मागे फिरतो. माल सदोष असेल तर त्या पाटीला काडीचीही किंमत नाही.

दुकानदाराने ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील करण्याची सक्ती नाही. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती द्यावी लागते. अर्जात तारीख, दुकानाचे नाव, वस्तू, मॉडेल, किंमत, काय बिघडले आणि आपली मागणी काय, एवढे सरळ भाषेत लिहावे. पावतीची झेरॉक्स जोडावी आणि मूळ पावती आपल्याजवळ ठेवावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी हा अर्ज लिहून द्यावा.

केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ नावाचे संकेतस्थळही सुरू केले. घरगुती उपकरणे, मोबाइल, वाहने आणि शेतीची अवजारे यांच्या दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी एका जागी द्यावी, हा त्यामागचा हेतू आहे.

एक वही करा

घरात एक शंभर पानी वही यासाठी ठेवावी. प्रत्येक यंत्राला एक पान द्यावे. वर कंपनी, मॉडेल, खरेदीची तारीख लिहावी. खाली कोणता भाग कधी बदलला, कुठून घेतला, किती पैसे दिले हे लिहीत जावे. पावत्या त्याच पानाला टाचाव्यात. साध्या पावतीची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून तिची झेरॉक्स काढावी किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा. पुढच्या वेळी बाजारात जाताना त्या पानावरचा मॉडेल क्रमांक उतरवून न्यावा. विक्रेता म्हणाला “सगळ्याला बसतो,” तर त्याला शांतपणे सांगावे, “सगळ्याला नको दादा, माझ्या कुकरला कोणता ते दाखवा.”

वाचक भगिनींनी आज घरी कुकर लावण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. शिट्टीची नळी उजेडाकडे धरून पाहावी, रिंग वाकवून पाहावी आणि गॅसच्या नळीवरची तारीख वाचावी. दोन मिनिटांचे काम आहे. त्यात काही चुकीचे दिसले तर संध्याकाळची डाळ पातेल्यात शिजवावी आणि उद्या झाकण घेऊन दुकानात जावे.